वजनकाट्यावरची खेप क्यूमधून गायब होते तेव्हा: अ‍ॅक कधी द्यायचा, चूक झाली तर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या नोंदी सर्व्हरवर आणायच्या आहेत. भरलेली गाडी काट्यावर चढली की एक मेसेज, गव्हाणीत ऊस उतरवून रिकामी परत आली की दुसरा. मेसेज रॅबिटएमक्यूमध्ये (मेसेज रांगेत, म्हणजे क्यूत, ठेवून पुढे देणारा ब्रोकर) येतात, पायथनमध्ये लिहिलेला कन्झ्युमर (क्यूतून मेसेज घेणारा प्रोग्रॅम) एकेक उचलतो, शेतकऱ्याला वजनाचा एसएमएस पाठवतो आणि डेटाबेसमध्ये नोंद करतो. सगळं ट्राय-एक्सेप्टमध्ये (चुका पकडणाऱ्या कोडमध्ये) गुंडाळलेलं आहे, ऑटो-अ‍ॅक चालू आहे (अ‍ॅक म्हणजे 'मेसेजचं काम झालं' ही ब्रोकरला द्यायची पोच, इथे ती आपोआप). तरी संध्याकाळी बेरीज लावली की दोन-चार खेपा कमी भरतात, आणि लॉगमध्ये काही सापडत नाही. मध्ये एकदा ऑटो-अ‍ॅक बंद करून, चूक झाली की नॅक ('काम झालं नाही' असा नकार) करून पाहिलं, तर एकच मेसेज रात्रभर गरगर फिरत राहिला आणि पलूसकडच्या एका शेतकऱ्याला तोच एसएमएस पहाटेपर्यंत येत राहिला. म्हणून परत ऑटो-अ‍ॅक. आता विचारताय की चूक झाल्यावर अ‍ॅक द्यायचा की नॅक, आणि त्यापेक्षा सरळ काफ्काच (रॅबिटएमक्यूऐवजी वापरता येणारी दुसरी मेसेज-यंत्रणा) घ्यावं का.

काफ्काचं शेवटी बोलू. तुमच्या दोन्ही तक्रारी, हरवलेल्या खेपा आणि फिरणारा मेसेज, एकाच ठिकाणाहून येतायत: कन्झ्युमरमधल्या कामांचा क्रम चुकलाय. तो सुधारला की अ‍ॅक-नॅकचं उत्तर आपोआप निघतं.

आधी हरवणाऱ्या खेपा. ऑटो-अ‍ॅक म्हणजे ब्रोकरने मेसेज टीसीपी सॉकेटवर लिहिला की त्याच्या लेखी काम संपलं. तुमच्या प्रोग्रॅमने तो वाचला का, डेटाबेसला पोचला का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रजिस्टर पोस्टाच्या वहीवर सही झाली की पाकिटाचं पुढे काय झालं ते पोस्टाला विचारता येत नाही. इथे तर पोस्टमन तुमच्या वतीने स्वतःच सही करून निघून जातोय. शिवाय ऑटो-अ‍ॅकमध्ये प्रीफेचची, म्हणजे अ‍ॅक न झालेले किती मेसेज एका वेळी हातात द्यायचे याची, मर्यादा लागूच होत नाही. सकाळी काट्यावर गाड्यांची रांग असते, तेव्हा क्यूमध्ये साचलेले सगळे मेसेज ब्रोकर एका दमात तुमच्या प्रोसेसच्या मेमरीत ओततो. त्याच वेळी प्रोसेस रिस्टार्ट झाली, वीज गेली, मेमरी भरली म्हणून लिनक्सने तिला मारलं, की मेमरीत बसलेले सगळे मेसेज गेले. लॉग रिकामा असण्याचं कारणही हेच. चूक लिहायला प्रोसेस जिवंतच नव्हती.

आणि जिथे लॉग लिहिला गेला असेल तिथेही तो बहुधा 'एरर आली' एवढाच असतो आणि पुढचा मेसेज सुरू होतो. सरसकट सगळ्या चुका पकडून लॉग करून पुढे जाणारा एक्सेप्ट ब्लॉक हे मेसेज हरवण्याचं सगळ्यात सभ्य दिसणारं साधन आहे. कोड रिव्ह्यूमध्ये तो सावधपणासारखा दिसतो म्हणून कोणी हरकत घेत नाही. कॉलबॅकच्या (मेसेज आला की चालणाऱ्या फंक्शनच्या) आत असा ब्लॉक असेल तर त्याच्या प्रत्येक वाटेच्या टोकाला मेसेजचं काय झालं हे लिहिलेलं असलंच पाहिजे: अ‍ॅक झाला, थांबून पुन्हा करायला गेला, की बाजूला काढला. चौथी वाट नको.

अ‍ॅक कुठे द्यायचा? डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावर, म्हणजे नोंद पक्की झाल्यावर, त्याच्या आधी अजिबात नाही. मेसेज तोवर ब्रोकरच्या डिस्कवर आहे, कमिट झाल्यावर तुमच्या डेटाबेसच्या डिस्कवर आहे. या दोन्हींच्या मधल्या क्षणी तो दोन्हीकडे असला तर चालेल, कुठेच नसून चालणार नाही.

दोन्हीकडे असण्याची किंमत मात्र मोजावी लागते. समजा पावती क्रमांक ४१८७. कन्झ्युमरने ती लिहिली, कमिट झालं, आणि अ‍ॅक पाठवायच्या आत कनेक्शन तुटलं. ब्रोकरला अ‍ॅक मिळालेला नाही, म्हणून तो ४१८७ परत देणार. त्याची चूक नाही. कमिट झालंय हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. प्रत्येक मेसेज बरोब्बर एकदाच पोचेल असं नेटवर्कवरून कोणी सांगितलं तर खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायचं. हातात दोनच पर्याय असतात, कधीतरी हरवेल किंवा कधीतरी दोनदा येईल. उसाच्या वजनात पहिला पर्याय नकोच. तेव्हा दोनदा येणार हे गृहीत धरून, दुसऱ्यांदा आलेल्याने काही बिघडू नये अशी नोंद करायची.

ही गोष्ट तुमच्याकडे सोपी आहे, कारण काट्याची पावती मुळातच ओळख घेऊन येते. हंगाम, काटा क्रमांक आणि पावती क्रमांक या तिघांवर मिळून युनिक की (तीच नोंद दुसऱ्यांदा होऊ न देणारी अट) लावा. हंगाम का, तर पावतीचे क्रमांक दरवर्षी गाळप सुरू होताना परत एकपासून सुरू करायची पद्धत असते, आणि गेल्या वर्षीच्या ४१८७ ने यंदाची ४१८७ अडवलेली कळायला फार उशीर लागतो. सभासद कोड, तारीख आणि वजन असं मिळून की करायचा मोह होईल. नको. एकाच शेतकऱ्याच्या दोन ट्रॉल्या एकाच दिवशी सारख्याच वजनाच्या भरू शकतात आणि मग खरी खेप दुबार समजून टाकली जाईल. कन्झ्युमरमध्ये मेसेज आल्यावर नवा आयडी तयार करणं तर निरुपयोगीच, कारण तोच मेसेज परत आला की त्याला दुसरा आयडी मिळेल.

युनिक कीमुळे इन्सर्ट नाकारला गेला तर ती चूक नाही. त्याचा अर्थ त्या पावतीची ओळ आधीच आहे; या मेसेजचं वजनही तिच्यात असेल तर काम आधीच झालंय. तिथे शांतपणे अ‍ॅक द्या. ही चूक इतर डेटाबेस चुकांच्या टोपलीत टाकून नॅक केलीत तर मेसेज कायम फिरत राहील.

तुमच्याकडे अजून एक गुंता आहे, जो प्रश्नात आलेला नाही पण येणार. भरलेलं वजन आणि रिकामं वजन हे दोन मेसेज आहेत. भरलेल्या वजनाचा मेसेज काही कारणाने पाच मिनिटं मागे ठेवला गेला तर रिकाम्या वजनाचा आधी पोचेल. तेव्हा 'आधीची ओळच नाही' म्हणून चूक फेकू नका. खेपेची एकच ओळ ठेवा, त्यात भरलेलं आणि रिकामं असे दोन रकाने, दोन्ही रिकामे राहू शकतील असे. जो मेसेज येईल तो ओळ नसेल तर तयार करेल, असेल तर आपला रकाना भरेल. दोन्ही रकाने भरले की निव्वळ वजन निघालं. अशा मांडणीत मेसेज कुठल्या क्रमाने आले, किती वेळा आले, याने फरक पडत नाही. काट्यावरून दुरुस्तीची पावती येत असेल तर मेसेजमध्ये दुरुस्तीचा अनुक्रम पाठवा आणि जुन्या अनुक्रमाचा मेसेज नंतर आला तर त्याने नवं वजन पुसू नये एवढं पाहा.

आता रात्रभर एसएमएस मिळालेल्या शेतकऱ्याकडे. तुमचा क्रम होता: आधी एसएमएस, मग डेटाबेस. डेटाबेसमध्ये काहीतरी अडलं, बहुतेक नाव रकान्यापेक्षा लांब असेल किंवा सभासद कोड सापडत नसेल. नॅक केलंत, रीक्यू (परत क्यूत ठेवणं) चालू. रॅबिटएमक्यू असा मेसेज शक्यतो त्याच्या मूळ जागी, म्हणजे पुढेच ठेवतो आणि लगेच परत देतो. परत एसएमएस, परत चूक, परत नॅक. डेटाबेसची नोंद मागे फिरवता येते, गेलेला एसएमएस फिरवता येत नाही. ज्या कामाला परतीचा रस्ता नाही ते सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो या कन्झ्युमरमध्ये नकोच.

वजनाची ओळ लिहिता त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये 'पाठवायचे एसएमएस' अशा टेबलात एक ओळ टाका, तीही पावतीच्या कीवर युनिक. कमिट, अ‍ॅक, या कन्झ्युमरचं काम संपलं. वेगळा छोटा वर्कर त्या टेबलातून उचलेल, गेटवेला (एसएमएस पाठवणाऱ्या सेवेला) देईल, गेटवेने दिलेला संदर्भ क्रमांक ओळीत लिहील. गेटवेकडून उत्तरच आलं नाही, टाइमआउट झाला, तर गेला की नाही कळत नाही. अशा वेळी काय करायचं हे तंत्राने ठरत नाही, व्यवहाराने ठरतं. वजनाचा एसएमएस दोनदा आला तर शेतकरी फार तर गट ऑफिसला फोन करून विचारेल. आलाच नाही तर काट्यावरच संशय घेईल. मी तरी इथे दोनदा गेलेला पत्करेन, पण प्रयत्नांना तीनची मर्यादा घालून.

चुका सगळ्या सारख्या नसतात

अ‍ॅक की नॅक याचं उत्तर चूक कोणत्या जातीची आहे त्यावर आहे. डेटाबेसशी कनेक्शन तुटलं, डेडलॉक झाला, लॉकसाठी थांबून वेळ संपली: या थोड्या वेळाने आपोआप जाणाऱ्या चुका. पुन्हा करायचं, पण थांबून. जेसनच (मेसेजच्या मजकुराची मांडणी) वाचता येत नाही, वजनाच्या जागी अक्षरं आली, रिकामं वजन भरलेल्यापेक्षा जास्त आहे: हजार वेळा केलं तरी तेच होणार. पहिल्याच वेळी बाजूला काढायचं. एसएमएसच्या बाजूला याच जातीची सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसचे मजकूर नोंदवायची व्यवस्था) नोंदवलेल्या टेम्प्लेटशी मजकूर न जुळणं. कोणी 'वजन'च्या पुढे एक विसर्गचिन्ह वाढवलं की तो संदेश अडकला, त्याला परत परत पाठवून काही होत नाही. मराठीतला एसएमएस ७० अक्षरांचा असतो आणि त्यापुढे गेला की दोन एसएमएसचे पैसे पडतात, हेही लांब गावाचं नाव आलं की आठवतं.

तिसरी जात जास्त फसवी. सभासद कोड सापडत नाही. ही कायमची चूक वाटते, पण बऱ्याचदा शेती विभागात नवी ऊसनोंद झालेली असते आणि ती तुमच्या डेटाबेसमध्ये अजून उतरलेली नसते. ऊस कोणाच्या नावाने लावायचा यात भावाभावांत बदल झाला की हंगामात असं होतंच. याला तीस सेकंदांनी पुन्हा करून उपयोग नाही आणि लगेच कायमचं बाजूला काढणंही बरोबर नाही. तासाने पुन्हा पाहायचं, संध्याकाळपर्यंत नाही सापडला तर माणसाकडे द्यायचं. माझं मत विचाराल तर इथे वजन मात्र लगेच लिहून टाकावं, सभासदाचा रकाना 'जुळणी बाकी' ठेवून. वजन ही वस्तुस्थिती आहे, ते नावावाचून अडू देऊ नये.

आणि चौथी, जिच्याकडे लोक मेसेजची चूक म्हणून पाहतात पण ती मेसेजची नसतेच: डेटाबेस पूर्ण बंद आहे. अशा वेळी प्रत्येक मेसेज उचलून, तीन वेळा आपटून, डेड लेटर क्यूत (अडलेले मेसेज बाजूला ठेवायच्या क्यूत) टाकत बसलात तर अर्ध्या तासात दिवसभराच्या सगळ्या चांगल्या खेपा तिथे जाऊन पडतील. सलग पाच-दहा मेसेजना एकच कनेक्शनची चूक आली की कन्झ्युमरने उचलणं थांबवावं, डेटाबेस उठला का ते दर थोड्या वेळाने पाहावं, आणि मग सुरू करावं. मेसेज तोवर क्यूतच सुरक्षित आहेत. क्यू त्यासाठीच आहे.

थांबून पुन्हा करायचं कसं

कॉलबॅकमध्ये तीस सेकंद स्लीप टाकणं हा उपाय नाही, त्याने मागचे सगळे अडतात. रॅबिटएमक्यूत नेहमीचा रस्ता असा: मूळ क्यूखेरीज वाट पाहण्याच्या दोन-तीन क्यू करा. एकीला तीस सेकंदांची मुदत, दुसरीला पाच मिनिटांची, तिसरीला तासाची. त्यांना कन्झ्युमर लावायचा नाही. मुदत संपली की मेसेज डेड लेटर एक्स्चेंजमार्गे (एक्स्चेंज म्हणजे मेसेज योग्य क्यूकडे वळवणारा ब्रोकरचा भाग) मूळ क्यूत परत येतो. प्रत्येक मुदतीला वेगळी क्यू का, एकाच क्यूत प्रत्येक मेसेजला वेगळी मुदत का नाही? कारण मुदत संपलेला मेसेज क्यूच्या तोंडाशी आल्यावरच बाहेर पडतो. पुढे तासाची मुदत असलेला बसला तर मागचा तीस सेकंदांचाही तासभर अडकतो.

प्रयत्न किती झाले ते ब्रोकर डेड लेटर करताना जोडतो त्या हेडरमधून वाचता येतं. पण मेसेज तुम्ही स्वतः दुसऱ्या क्यूत पब्लिश करत असाल तर मोजणीसाठी स्वतःचा हेडर ठेवा. आणि तेव्हा क्रम लक्षात असू द्या: आधी नव्या क्यूत पब्लिश, ब्रोकरचं कन्फर्मेशन, मग जुन्याला अ‍ॅक. उलट केलंत तर मधल्या क्षणात मेसेज कुठेच नसतो.

इथे ब्रोकरच्या बाजूचे तीन सापळे आहेत आणि तिन्हींत मेसेज आवाज न करता जातो. कोरम क्यूत (मेसेजच्या प्रती अनेक नोडवर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवू शकणारी क्यू; जुना साधा प्रकार तो क्लासिक) रॅबिटएमक्यू ४.० पासून डिलिव्हरीची मर्यादा न सांगता २० असते. मेसेज त्यापेक्षा जास्त वेळा परत आला आणि डेड लेटर एक्स्चेंज ठरवून दिलेला नसेल, तर तो टाकून दिला जातो. तुमचा तो रात्रभर फिरणारा मेसेज नव्या आवृत्तीच्या कोरम क्यूत असता तर विसाव्या फेरीनंतर फिरायचा थांबला असता, आणि खेपही गेली असती. दुसरा: डेड लेटर एक्स्चेंजचं नाव दिलं पण तो एक्स्चेंजच तयार केलेला नाही, किंवा त्याला क्यू जोडलेली नाही. तरीही मेसेज गायबच. सर्व्हर नवा उभा केल्यावर हे हमखास राहून जातं. तिसरा: क्लासिक क्यूमधून डेड लेटर क्यूकडे जाताना ब्रोकर आतल्या आत कन्फर्मेशनची वाट पाहत नाही, तेव्हा नेमका त्या क्षणी नोड पडला तर मेसेज जाऊ शकतो. कोरम क्यूत ३.१० पासून ही बदली किमान एकदा तरी होईल अशी हमी घेता येते, त्यासाठी ओव्हरफ्लोचं (क्यू भरली तर काय करायचं याचं) धोरण 'पब्लिश नाकारा' असं ठेवावं लागतं. तुमच्या कामाला मी कोरम क्यूच घेईन. एकच नोड असला तरी मर्यादा आणि ही हमी दोन्ही मिळतात. मात्र एक नोड म्हणजे एकच डिस्क, हे विसरू नका.

डेड लेटर क्यू उभी केली म्हणजे काम झालं असं नाही. तिच्याकडे रोज पाहणारा माणूस ठरलेला हवा, आणि तो प्रोग्रॅमरच असायला पाहिजे असं नाही. चुकलेला कोड, न जुळलेलं नाव हे शेती ऑफिसमधल्या माणसाला तुमच्यापेक्षा लवकर कळतं. त्याच्यासाठी साधी स्क्रीन करा: पावती, गाडी नंबर, अडलं कशामुळे हे मराठीत, आणि 'पुन्हा पाठवा' असं एक बटण. मेसेज बाजूला काढताना अडण्याचं कारण, वेळ आणि प्रयत्नांची संख्या हेडरमध्ये घाला. नुसता मेसेज पाहून तो का अडला हे दोन दिवसांनी कोणालाच सांगता येत नाही. क्यूत एकही मेसेज आला तरी सूचना गेली पाहिजे. काट्याच्या कामात 'शंभर झाले की कळवा' असली मर्यादा नको.

प्रोसेस मरते कशी, ते बघा

पायथनमधून रॅबिटएमक्यूशी बोलणाऱ्या पिका लायब्ररीबद्दल एक खास गोष्ट. ब्लॉकिंग कनेक्शनमध्ये तुमचा कॉलबॅक चालू असताना हार्टबीट ('मी जिवंत आहे' असे ठराविक वेळाने जाणारे इशारे) जात नाहीत. रॅबिटएमक्यूचा हार्टबीट साधारणपणे ६० सेकंदांचा असतो. गेटवे अडकला आणि कॉलबॅक दोन-तीन मिनिटं लांबला की ब्रोकर तुम्हाला मेलेलं समजून कनेक्शन तोडतो आणि मेसेज परत क्यूत ठेवतो. तुमचं काम नंतर पूर्ण होतं, अ‍ॅक द्यायला जाता तर चॅनेलच (कनेक्शनमधली मेसेजची वाट) नाही. लॉगमध्ये 'चॅनेल बंद' असं दिसतं आणि लोक नेटवर्कला दोष देतात. हार्टबीट शून्य करून टाका असा सल्ला मिळेल. तो घेऊ नका, मग खरोखर तुटलेलं कनेक्शन लवकर कळत नाही. एसएमएस बाहेर काढल्यावर तुमचा कॉलबॅक सेकंदाच्या आत संपेल, म्हणजे हा प्रश्न मिटतोच. पुढे कधी लांब काम आलं तर ते वेगळ्या थ्रेडमध्ये करा आणि अ‍ॅक मात्र कनेक्शनच्या मूळ थ्रेडवरून, पिकाने त्यासाठी दिलेल्या थ्रेडसेफ कॉलबॅकमधून द्या. दुसऱ्या थ्रेडमधून थेट चॅनेलला हात लावला तर अधूनमधून असं काही होतं की शोधता शोधता दिवस जातो.

रॅबिटएमक्यूचं अजून एक घड्याळ आहे: दिलेल्या मेसेजचा अ‍ॅक ३० मिनिटांत आला नाही तर तो चॅनेल बंद करतो. कुठल्यातरी वाटेवर अ‍ॅक द्यायचाच राहिला असेल तर ते इथे उघडं पडतं. एकाच मेसेजला दोनदा अ‍ॅक दिला तरी चॅनेल बंद होतो, आणि त्यासोबत हातात असलेले बाकीचे मेसेजही परत जातात. डिलिव्हरी टॅग (अ‍ॅक देताना सांगायचा मेसेजचा क्रमांक) त्या चॅनेलपुरताच असतो. कनेक्शन नव्याने जोडल्यावर जुना टॅग वापरायचा नाही.

नवी आवृत्ती चढवताना प्रोसेस थांबवता, तेव्हा पायथनला सिगटर्म ('बंद हो' असा सिस्टिमचा इशारा) येतो. तो हाताळलेला नसेल तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे संपतो, फायनली ब्लॉकही चालत नाही. सिगटर्म आला की नवे मेसेज घेणं थांबवा, हातातला पूर्ण करून अ‍ॅक द्या, मग बंद व्हा. कंटेनरमध्ये चालवत असाल तर डॉकर त्यासाठी १० सेकंद देतो, कुबरनेटीस ३०. प्रीफेच त्या हिशेबाने ठेवा. तुमच्या कामाला १० पुरे. हजार ठेवलंत तर एक प्रोसेस पडल्यावर हजार मेसेज दुसऱ्यांदा येतील, आणि तोवर दुसरा कन्झ्युमर रिकामा बसलेला असेल.

कन्झ्युमर निर्दोष असूनही

खेपा कमी भरण्याचं एक कारण कन्झ्युमरच्या अलीकडे असू शकतं. काट्यावरचा संगणक मेसेज कसा पाठवतो? क्यू ड्युरेबल (रिस्टार्टनंतर टिकणारी) आहे पण मेसेज पर्सिस्टंट (डिस्कवर लिहायचा) म्हणून पाठवला नसेल तर क्लासिक क्यूत ब्रोकर रिस्टार्ट झाल्यावर क्यू राहते, मेसेज जातात. पब्लिशर कन्फर्म (ब्रोकरने पाठवणाऱ्याला द्यायची पोच) चालू नसेल तर पाठवणाऱ्याला पोचल्याची खात्री नसते. राउटिंग कीमध्ये (मेसेजवरच्या पत्त्यात) अक्षर चुकलं आणि मॅन्डेटरी फ्लॅग ('क्यू सापडली नाही तर परत पाठव' ही सूचना) नसेल तर ब्रोकर मेसेज स्वीकारतो, कुठल्याच क्यूत बसत नाही म्हणून टाकून देतो, आणि कन्फर्मेशन तरीही येतं. यात फसलेले लोक कन्झ्युमरमध्ये चूक शोधत राहतात.

काट्यावरचं नेट जाणार हे धरूनच चाला. नेट गेलं म्हणून वजन थांबत नाही. गाडीवान आणि ट्रॅक्टरवाले थांबणार नाहीत. काट्यावरच्या संगणकात स्थानिक टेबलात पावती आणि पाठवायची ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, आणि वेगळा प्रोग्रॅम ती ओळ पाठवून, कन्फर्मेशन आल्यावरच 'गेली' अशी खूण करेल. वजनाच्या स्क्रीनमधून थेट क्यूला पाठवणं हे नेट असेपर्यंतच चालतं.

आणि रोज रात्री ताळा घ्या. पावती क्रमांक सलग असतो ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी सोय आहे. काट्यानुसार आजचा पहिला आणि शेवटचा क्रमांक, मधल्या किती ओळी आहेत, आणि नसलेले क्रमांक कोणते, एवढी एकच क्वेरी. भरलेलं वजन आहे पण बारा तासांनंतरही रिकामं आलेलं नाही अशा ओळी दुसऱ्या यादीत. बेरीज कमी भरली एवढं कळण्यापेक्षा ४१८७ आणि ४२०३ नाहीत हे कळणं फार वेगळं; मग काट्यावर फोन करून विचारता येतं आणि तिथल्या टेबलातून तेवढेच परत पाठवता येतात. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचे असतात. चुकलेली खेप त्याआधी सापडली तर दुरुस्ती, नंतर सापडली तर तक्रार. ब्रोकर कुठलाही असो, कॉन्फिगरेशन कितीही नीट असो, हा ताळा सोडू नका. तुम्ही आजच काहीच बदलू शकत नसाल तरी ही क्वेरी आज रात्री लावता येईल.

काफ्का

नको. तुमच्या आकाराच्या कामाला रॅबिटएमक्यू भरपूर आहे आणि हीच चूक काफ्कात वेगळ्या कपड्यांत भेटेल. तिथे नेहमीच्या कन्झ्युमर ग्रुपमध्ये (काम वाटून वाचणाऱ्या कन्झ्युमरांच्या गटात) प्रत्येक मेसेजला वेगळा अ‍ॅक नसतो, पार्टिशनमध्ये (मेसेजच्या एका सलग यादीत) कुठवर वाचलं याचा एक ऑफसेट असतो. ऑटो-कमिट मुळातच चालू असतो, ५ सेकंदांचा. मेसेज थ्रेडला देऊन तुम्ही पुढचा पोल (नवे मेसेज मागणं) केलात की मागच्यांचा ऑफसेट पुढे सरकू शकतो, काम झालेलं असो वा नसो. ऑटो-अ‍ॅकचंच दुसरं रूप. एक खराब मेसेज आला तर त्याच्या मागचं सगळं पार्टिशन अडतं, आणि ब्रोकर स्वतःहून तो डेड लेटरमध्ये टाकत नाही, ती सगळी व्यवस्था तुम्हाला लिहावी लागते. पाच मिनिटांत पुढचा पोल झाला नाही तर ग्रुपमधून बाहेर काढतात आणि तेच मेसेज दुसऱ्याला देतात. नवा ग्रुप सुरू केला तर तो ठरलेल्या सेटिंगप्रमाणे शेवटापासून वाचतो, आधीचे साचलेले त्याला दिसतच नाहीत. काफ्काची खरी गंमत जुने मेसेज परत पहिल्यापासून वाचता येण्यात आहे. तुमच्याकडे ते काम काट्यावरचं टेबल करतंय.

अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस या क्यू-सेवेवर जायचा कोणी सल्ला दिला तर एवढं पाहा: व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेला मेसेज इतरांना न दिसण्याचा काळ) न सांगता ३० सेकंद असतो, आणि साध्या क्यूत मेसेज डेड लेटर क्यूत गेला तरी त्याचं वय पहिल्या दिवसापासूनच मोजलं जातं. दोन्हीकडे चार दिवसांची मुदत असेल आणि तो मूळ क्यूत तीन दिवस काढून गेला असेल, तर तुमच्या हातात एकच दिवस उरतो. डेड लेटर क्यूची मुदत १४ दिवस ठेवावी.

हे सगळं लावल्यावर गाळप सुरू व्हायच्या आधी मुद्दाम मोडून पाहा. कमिटनंतर आणि अ‍ॅकच्या आधी दहा सेकंदांचा विराम घालून त्यात प्रोसेस किल नाइनने (सावरायला वेळ न देता) मारा. परत सुरू केल्यावर खेपेची ओळ एक आणि एसएमएसची ओळ एकच असली पाहिजे. मेसेज येत असताना ब्रोकर रिस्टार्ट करा. डेटाबेस पंधरा मिनिटं बंद ठेवा. डेड लेटर क्यूत एकही मेसेज जाता कामा नये, क्यू वाढलेली दिसली पाहिजे आणि डेटाबेस उठल्यावर आपोआप ओसरली पाहिजे. काट्यावरची केबल काढून चार गाड्यांचं वजन करा आणि परत जोडा. शेवटी मुद्दाम चुकीच्या सभासद कोडाची एक पावती पाठवा: वजनाची ओळ 'जुळणी बाकी' म्हणून लगेच दिसली पाहिजे, संध्याकाळी ती शेती ऑफिसच्या स्क्रीनवर कारणासकट आली पाहिजे, आणि तिथून कोड दुरुस्त करून 'पुन्हा पाठवा' दाबल्यावर त्या पावतीची ओळ दोन न होता तीच भरली गेली पाहिजे.